‘डिस्क खराब आहे’ म्हणण्याआधी : घरी ऑपेरा बघताना चित्र-आवाज बिघडला तर

तक्रारी ठरलेल्या असतात, फोन करणारा तेवढा बदलतो. तुमची यातली कोणती, ते आधी बघा.

- गायक बुटके आणि रुंद दिसतात. किंवा डोकी वरून कापली जातात आणि सबटायटलची खालची ओळ गायब होते.
- चित्र दाणेदार, खरखरीत वाटतं. किंवा बरोबर उलटं : चेहरे मेणाचे, त्वचेवर एक रेघ नाही.
- हालचाल दुपारच्या मालिकेसारखी गुळगुळीत दिसते. किंवा कॅमेरा सरकताना चित्र झटके खातं, हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात.
- हळुवार गाणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर कोरस सुरू होताच शेजारी बेल वाजवतात.
- ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे.
- सूर चढलेला वाटतो. सगळेच जरा घाईत गातायत असं वाटतं.
- मध्येच चित्र गोठतं, चौकोन चौकोन पडतात.
- चित्र आहे, आवाज नाही. किंवा डिस्क लागतच नाही.

मी इंजिनिअर नाही. पुण्यात आमचा दहा-बारा जणांचा गट आहे, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून ऑपेरा बघतो. प्लेअर जोडायचं काम पहिल्या वेळी माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. गेल्या काही वर्षांत हेच दोष इतक्या घरांतून काढलेत की आता फोनवर दोन प्रश्न विचारले तरी अंदाज येतो. एक गोष्ट मात्र दर वेळी दिसते. एकाच डिस्कबद्दल एक जण म्हणतो ‘अप्रतिम, जिवंत’, दुसरा म्हणतो ‘पैसे पाण्यात’. दोघंही खोटं बोलत नसतात. दोघांच्या टीव्हीने त्यांना वेगवेगळी चित्रं दाखवलेली असतात. म्हणून डिस्क परत करण्याआधी किंवा तिला एक तारा देण्याआधी खालच्या गोष्टी याच क्रमाने बघा. सुरुवातीच्या सगळ्या फुकट आहेत.

पहिलं काम : खोक्याची मागची बाजू वाचा

हसू नका, निम्म्या तक्रारी इथेच संपतात. मूळ चित्रीकरण कधी झालं, कशावर झालं, चित्राचा आकार काय, आवाज कुठला, हे बहुतेक वेळा मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

आमच्या गटात सगळ्यात जास्त तक्रारी आल्या त्या दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या ‘मॅजिक फ्लूट’बद्दल. मोझार्टचा ऑपेरा, पण जर्मनऐवजी स्वीडिश भाषेत गायलेला. १९७५ साली स्वीडिश टेलिव्हिजनसाठी केलेलं हे काम, १६ मिलिमीटर फिल्मवर, स्वेन न्यूक्विस्तच्या कॅमेऱ्यातून. टेलिव्हिजनसाठी म्हणजे चौकोनी आकार, चारास तीन. तेव्हा तुमच्या आडव्या टीव्हीवर डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसणारच. त्या दिसत नसतील तरच काहीतरी चुकलंय. आवाज मूळचा स्टिरिओ, त्यामुळे मागचे स्पीकर गप्प राहिले तर त्यांना गप्प राहू द्या. आणि १६ मिलिमीटर फिल्म छोटी असते, पडद्यावर मोठी केली की दाणे दिसतात. कापडाला वीण असावी तसे ते दाणे त्या चित्राचाच भाग आहेत.

दुसरं टोक बघा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं ‘लाइव्ह फ्रॉम द मेट’ हे दूरचित्रवाणी प्रक्षेपण १५ मार्च १९७७ ला सुरू झालं, ‘ला बोएम’ने. गायक पावारोत्ती आणि रेनाटा स्कॉटो. त्या काळातलं हे व्हिडिओटेपचं काम. अमेरिकी पद्धतीत चित्राच्या कामाच्या ओळी जेमतेम ४८०. पंचावन्न इंची टीव्हीवर ते मऊ, थोडं पसरट दिसणार आणि त्याला कुणाकडे इलाज नाही. फिल्मचं तसं नसतं. फिल्म पुन्हा स्कॅन करून जास्त तपशील काढता येतो, टेपवर जे नाहीच ते कुठून काढणार? म्हणून १९५१ चा, टेक्निकलर फिल्मवरचा ऑपेरा-चित्रपट ‘टेल्स ऑफ हॉफमन’ आज १९७७ च्या टेपपेक्षा कितीतरी टवटवीत दिसतो. जुनं ते धूसर, हा हिशोब इथे लागू होत नाही.

रिमोटवरचं एक बटण : चित्राचा आकार

‘पिक्चर साइझ’, ‘अॅस्पेक्ट’, ‘झूम’, असं काहीतरी नाव असतं. ठाण्याला एका मावशींकडे गेलो होतो. त्यांची तक्रार, ‘पापागेनो फार जाडा घेतलाय.’ पापागेनो म्हणजे ‘मॅजिक फ्लूट’मधला पक्षी पकडणारा; तो करणारा हाकन हागेगॉर्ड तेव्हा तिशीच्याही आतला, सडपातळ माणूस. टीव्हीने चौकोनी चित्र ओढून भिंतभर केलं होतं. आकार ‘४:३’ किंवा ‘मूळ’ वर आणला आणि पापागेनो बारीक झाला.

‘झूम’ त्याहून घातक. तो चित्र वर-खाली कापतो, आणि सबटायटल खालीच असतात. ‘या डिस्कची सबटायटल अर्धवट आहेत’ असं कुणी ठासून सांगितलं की मी आधी झूम बघतो. काही टीव्ही झूम बंद असतानाही चारही कडा थोड्या खातात. त्यासाठी ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’सारखा पर्याय असतो, तो चालू करा.

जाता जाता : बर्गमनच्या चित्रपटात पात्रं मध्येच फलक धरतात, त्यावर गाण्यातली बोधवचनं स्वीडिशमध्ये लिहिलेली असतात. ती सबटायटल नव्हेत, बंद होणार नाहीत. या प्रश्नासाठी मला रात्री साडेदहाला फोन आलेला आहे.

पिक्चर मोड : इथे वेळ घालवा

दुकानात ट्यूबलाइटच्या झगमगाटात टीव्ही उठून दिसावा म्हणून तो ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवर असतो. घरी आला तरी तिथेच राहतो. या मोडमध्ये लाल रंग भडक होतो, पांढरा निळसर होतो आणि रंगमंचावरचा अंधार, जो प्रकाशयोजनाकाराने मेहनतीने बांधलेला असतो, तो राखाडी होऊन जातो. ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा. पहिल्या दहा मिनिटांत चित्र पिवळट आणि मंद वाटेल. डोळ्यांना तेवढा वेळ द्या.

मग याच मेनूत आत जाऊन तीन गोष्टी बंद करा किंवा अगदी खाली आणा.

पहिली, हालचाल गुळगुळीत करणारी सोय. सॅमसंगमध्ये तिला ‘ऑटो मोशन प्लस’ म्हणतात, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’. सिनेमाच्या फिल्मवर सेकंदाला २४ चित्रं असतात. टीव्ही दोन चित्रांच्या मधलं तिसरं स्वतःच्या मनाने रचतो. क्रिकेटला ठीक आहे. पण ऑपेराच्या चित्रपटात त्यामुळे सेट लाकडाचा आणि दाढी चिकटवलेली दिसायला लागते.

दुसरी, ‘नॉइज रिडक्शन’. टीव्हीला फिल्मचे दाणे म्हणजे कचरा वाटतो. तो पुसतो, आणि पुसताना सुरकुत्या, कापडाचं पोत, डोळ्यांतलं पाणी सगळं पुसून टाकतो. मेणाचे चेहरे इथून येतात.

तिसरी, ‘शार्पनेस’. वाढवला की तपशील वाढत नाही, कडांभोवती पांढरी रेघ उमटते. अर्ध्याच्या बरंच खाली आणा.

जमलं की नाही हे बघायला बर्गमनच्या चित्रपटाची सुरुवात उत्तम. जवळजवळ संपूर्ण ओव्हर्चरभर, म्हणजे पडदा उघडण्याआधीचं वाद्यसंगीत चालू असताना, कॅमेरा प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर फिरतो : म्हातारे, तरुण, वेगवेगळ्या वर्णांचे, आणि पुन्हा पुन्हा एक लहान मुलगी. चेहरा ओळखायला माणसाचा डोळा पटाईत असतो. तिचे गाल गुलाबी आणि जिवंत दिसले, कपाळावर बारीक दाणे किंचित थरथरताना दिसले, की टीव्ही लागला. गाल बाहुलीसारखे गुळगुळीत असतील तर मेनूत परत जा, काहीतरी चालू राहिलंय.

आवाज : आधी मेनू, मग स्पीकर

ऑपेरात अगदी पुटपुटण्यापासून पूर्ण वाद्यवृंदापर्यंत अंतर प्रचंड असतं आणि बहुतेक डिस्कांवर ते मुद्दाम तसंच ठेवतात. जाहिराती-मालिकांचा आवाज दाबून सपाट केलेला असतो, आपले कान त्याला सरावलेत. त्यामुळे ‘आवाज कमी आहे’ ही तक्रार खरी असली तरी तो दोष नाही. तरीही एवढं करून बघा.

डिस्कच्या मेनूत आवाजाचे पर्याय असतात. घरी दोनच स्पीकर असतील तर ‘पीसीएम स्टिरिओ’ (दोन स्पीकरचा आवाज) निवडा. ‘५.१’ (सहा स्पीकरचा आवाज) ठेवलं आणि अँप (स्पीकर चालवणारं यंत्र) किंवा प्लेअरला वाटत असलं की मधला स्पीकर जोडलेला आहे, तर गायकाचा जो भाग त्या स्पीकरसाठी असतो तो कुठेच वाजत नाही. वाद्यं दणदणीत आणि गायिका शेजारच्या खोलीतून गातेय असं वाटतं. मधला स्पीकर असेल तर आधी त्याची वायर हलवून बघा. झाडू मारताना ती निघते, माझ्याच घरी दोनदा निघालीय.

चित्र आहे पण आवाज मुळीच नाही, असं असेल तर बहुधा ‘डीटीएस’ हा आवाजाचा प्रकार निवडलाय आणि टीव्हीला ते कळत नाही. दुसरा ट्रॅक निवडा, संपलं.

टीव्हीतलं ‘ऑटो व्हॉल्यूम’ बंद करा, नाहीतर हळू जागी तो स्वतः आवाज वर ओढतो आणि मोठ्या जागी खाली दाबतो, गाणं श्वास लागल्यासारखं ऐकू येतं. रात्री मात्र ‘नाइट मोड’ खुशाल वापरा. संगीताचं थोडं नुकसान होतं, शेजारधर्म टिकतो. मुंबईच्या एनसीपीएत मेटची ‘लाइव्ह इन एचडी’ प्रक्षेपणं मोठ्या पडद्यावर बघितलेल्यांना घरचा आवाज केविलवाणा वाटतो. तो फरक सभागृहाचा आहे, डिस्कला त्यात ओढू नका.

ओठ आणि आवाज : दोष आहे का, हे आधी ठरवा

याच तक्रारीत सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, कारण बऱ्याचदा दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच.

चित्रपट म्हणून बनवलेल्या ऑपेरात आवाज आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतो आणि कॅमेऱ्यासमोर गायक त्यावर ओठ हलवतात. हिंदी सिनेमावर वाढलेल्या आपल्याला हे नवीन नाही, फक्त इथे गाणारा आणि ओठ हलवणारा बहुतेक वेळा एकच असतो. बर्गमनने हेच केलं, झेफिरेल्लीच्या ‘ला त्राव्हियाता’त हेच, फ्रान्चेस्को रोझीच्या ‘कार्मेन’मध्येही हेच. तार सप्तक लावताना गळ्याची शीर फुगत नाही, श्वास घेतलेला दिसत नाही, आणि आपला मेंदू म्हणतो ‘जुळत नाहीये’. जुळतंय, फक्त माणूस त्या क्षणी गात नाहीये.

ज्याँ-पिएर पोनेलचा १९७६ चा ‘फिगारो’ तर आणखी पुढे जातो. त्यात काही आरिया, म्हणजे एकट्याने गायची गाणी, मनातले विचार म्हणून येतात : आवाज चालू, ओठ मिटलेले. एका गृहस्थांनी या कारणासाठी ती डिस्क परत केली होती. दुकानदाराने बदलून दिली. दुसऱ्या डिस्कवरही ओठ मिटलेलेच होते.

मग खरा दोष ओळखायचा कसा? अशा चित्रपटावर तपासूच नका. रंगमंचावरच्या प्रयोगाचं थेट चित्रीकरण असलेली डिस्क घ्या. त्यातही संगीत संचालकाच्या काठीकडे बघू नका, कारण अनेक वाद्यवृंद काठीच्या ठोक्यानंतर किंचित मागून वाजवतात. झांजा किंवा टिंपनीवर (मोठ्या नगाऱ्यांवर) पडणारी काठी बघा. ‘कार्मेन’चं प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचं वाद्यसंगीत, झांजांनीच सुरू होतं आणि थेट चित्रीकरणात कॅमेरा तेव्हा बऱ्याचदा वादकांवर असतो. झांज भिडलेली दिसते आणि ऐकू येते यात अंतर असेल तर पुढे वाचा.

आवाज आधी आणि चित्र मागून येत असेल तर टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतोय. वरच्या तीन सोयी बंद केल्यावर हे अंतर बरंच कमी होतं, उरलेलं अँप किंवा साउंडबारच्या ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’मधून भरून काढा. चित्र आधी आणि आवाज मागून येत असेल तर संशय ब्लूटूथवर घ्या. डिलेची सोय आवाज आणखी उशिरा आणते, लवकर आणत नाही, म्हणून इथे तिचा उपयोग शून्य. साउंडबार वायरने जोडा.

डिस्क पुसा

खर्च : चष्म्याचं मऊ फडकं. डिस्क दिव्याखाली तिरकी धरा. बोटांचे ठसे, तेल, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीचे बारीक जाळीदार डाग. फडकं किंचित ओलं करून मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसा. गोल गोल नाही. कारण असं, की माहिती गोल वळणांत लिहिलेली असते. आडवा चरा पडला तर प्रत्येक वळणावर थोडीशीच माहिती हरवते आणि प्लेअर ती हिशोबाने भरून काढतो. वळणाच्या दिशेने चरा पडला तर सलग मोठा तुकडा जातो, तो भरून येत नाही.

टूथपेस्ट लावू नका. ब्लू-रेवर तर अजिबात नको. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, ब्लू-रेत फक्त ०.१.

गोठण्याची जागा वहीत लिहून ठेवा, तास-मिनिट-सेकंद. दर वेळी त्याच सेकंदाला अडकत असेल तर दोष डिस्कचा. दर वेळी वेगळीकडे, आणि प्लेअर तासभर तापल्यावर अडकत असेल तर प्लेअरचा. डीव्हीडीवर मध्यात कुठेतरी एकदाच क्षणभर थबकत असेल तर ते एका थरावरून दुसऱ्या थरावर जाणं आहे, बिघाड नव्हे.

दुसऱ्याच्या प्लेअरवर लावून बघा

आपली डिस्क त्यांच्याकडे, त्यांची डिस्क आपल्याकडे. दोन्ही करायचं, एकच केलं तर निष्कर्ष निघत नाही. चहा सुटतो हा वेगळा फायदा.

केबल

प्लेअरमागे पिवळी-लाल-पांढरी अशी तीन टोकांची केबल असेल तर ती काढा आणि एचडीएमआय लावा. काहीशे रुपयांचं काम आहे. पिवळ्या तारेतून रंग आणि उजेड एकत्र मिसळून जातात, पलीकडे ते नीट वेगळे होत नाहीत; भरजरी पोशाखावर इंद्रधनुषी रेघा नाचतात त्या यामुळे. आणि ब्लू-रेचं पूर्ण चित्र त्या तारेतून येतच नाही. नऊ हजारांची सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय मात्र घेऊ नका. या लांबीला साधी केबल चालली तर पूर्ण चालते, नाहीतर ठिणग्या दाखवते किंवा बंद पडते. मधलं काही नसतं.

प्लेअरची सेटिंग : झटके, कंगवा आणि चढलेला सूर

इथून थोडं किचकट. वेळ नसेल तर इथेच थांबून एखाद्या जाणकाराला घरी बोलवा.

ब्लू-रेवरचा चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असेल तर प्लेअरमध्ये ‘२४पी’ चालू करा. नाहीतर ती २४ चित्रं ६० च्या ठेक्यात बसवायला एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा असं दाखवावं लागतं, आणि कॅमेरा संथ सरकला की लंगडतो.

रंगमंचावरची चित्रीकरणं बहुतेक ‘१०८०आय’ असतात. आधी विषम ओळी, मग सम ओळी, दोन अर्धी चित्रं मिळून एक. ती जोडताना चूक झाली की कंगव्याचे दात दिसतात. प्लेअरचा ‘डीइंटरलेस’ किंवा ‘व्हिडिओ मोड’ ‘ऑटो’वर ठेवा. तरी दात दिसले तर प्लेअरला चित्र न जोडता तसंच बाहेर पाठवायला सांगा आणि जोडायचं काम टीव्हीला करू द्या. दोघांपैकी एकाला ते चांगलं येत असतं. आणि हो, दात चालू चित्रात शोधा, पॉज करून नाही.

आता सूर. भारतातली आणि बहुतेक युरोपातली टीव्हीची जुनी पाल पद्धत सेकंदाला २५ चित्रांची. २४ चित्रांची फिल्म पालच्या डीव्हीडीवर आणायचा सोपा मार्ग म्हणजे ती थोडी जोरात पळवणं. दोन तासांचा चित्रपट सुमारे ११५ मिनिटांत संपतो आणि सूर अर्ध्या स्वराहून थोडा कमी, म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण सात दशांश, वर जातो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर ‘कार्मेन’चं प्रील्यूड पांढरी सहामध्ये आहे, ते काळी पाचच्या उंबरठ्यावर जाऊन बसतं. मोबाइलवर ट्यूनर घेऊन बघा. वाद्यवृंदाचा तो सूर ४४० ते ४४३ च्या आसपास हवा. ४५८ च्या जवळ दाखवत असेल तर डिस्कच पळवलेली आहे. आमच्या गटातल्या, आयुष्य तानपुऱ्याजवळ घालवलेल्या बाईंनी हे ट्यूनरशिवाय, दुसऱ्या मिनिटाला सांगितलं होतं. मी त्यांच्याशी वाद घातला होता, ते जाऊ दे.

यावर सेटिंगचा उपाय नाही. त्याच चित्रपटाची एनटीएससी (अमेरिकी पद्धतीची) डीव्हीडी किंवा २४ चित्रांची ब्लू-रे मिळाली तर ती घ्यायची.

डिस्क लागतच नाही : विभाग

डिस्क आणि प्लेअर जगाच्या ठरावीक विभागांसाठी बनतात, विभाग जुळला नाही की डिस्क लागत नाही. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात येतो, अमेरिका पहिल्या, पश्चिम युरोप आणि जपान दुसऱ्या. ब्लू-रेत भारत ‘सी’, अमेरिका ‘ए’, युरोप ‘बी’. संगीताच्या पुष्कळ डिस्का सर्व विभागांसाठी असतात, पण सगळ्या नाहीत. मुलगा न्यू जर्सीहून येताना क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीची ब्लू-रे आणतो, मोठ्या कौतुकाने लावायला जावं तर पडद्यावर सूचना येते. अमेरिकेत निघालेल्या त्यांच्या ब्लू-रे साधारणपणे ‘ए’च्याच असतात, मुलाची चूक नाही. सर्वविभागी प्लेअर घ्या किंवा मागवतानाच विभाग विचारा. संगणकाच्या ड्राइव्हवर विभाग बदलायचा मोह होईल, तर लक्षात ठेवा : फक्त पाच वेळा बदलता येतो, मग शेवटचा कायमचा.

जे डिस्कमध्येच आहे

एवढं सगळं करूनही उरतं ते खरंच डिस्कचं. दोन दोष ओळखायला शिका.

एक, सावल्या. युरोपात ५० च्या ठेक्यात चित्रित झालेला प्रयोग जगभर विकायला ६० च्या ठेक्यात बदलतात. बदल घाईत झाला असेल तर हात हलताना दोन हात दिसतात, एक गडद, एक पुसट, जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर दिसायचे तसे. इथे पॉज करून बघितलं तर चालतं, पॉजमध्येही दोन्ही हात असतील तर ते दोन्ही डिस्कवर छापलेले आहेत.

दुसरा, अंधारातले चौकोन. हिशोब सोपा आहे. दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मावतं. तीन तासांचा ऑपेरा एकाच डिस्कवर कोंबला तर सेकंदाला सुमारे ६.३ मेगाबिट वाट्याला येतात. त्यातले दीड पीसीएम आवाज घेतो, पाऊण डीटीएस. चित्राला चार उरतात. उजेडातल्या, स्थिर प्रसंगाला ते पुरतात, पण धूर, अंधार आणि हलणारा कोरस एकत्र आला की चौकोन पडतातच. तोच ऑपेरा दोन डिस्कांवर असलेली आवृत्ती मिळाली तर डोळे मिटून ती घ्या.

विक्रेत्याला लिहायचं तर ‘क्वालिटी खराब’ एवढंच लिहू नका. कुठल्या मिनिटाला काय दिसतं, किती प्लेअरवर तपासलं, हे लिहा आणि पडद्याचा फोटो जोडा. बदलून मिळायची शक्यता वाढते. तुमचं मत वाचून दुसरा कुणी डिस्क घेणार असेल तर त्यालाही त्याचा उपयोग होतो.

इथे थांबा, तंत्रज्ञाला बोलवा

प्लेअर उघडायचा नाही. आतल्या वीजपुरवठ्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून असतात, आणि लेझरमध्ये डोकावणं डोळ्यांना धोक्याचं. चांगल्या ठाऊक असलेल्या तीन डिस्का लागत नसतील तर लेन्स मळली आहे किंवा लेझर थकला आहे. लेन्स साफ करायची ब्रशवाली डिस्क एकदा चालवून बघा, दुसऱ्यांदा नको. ट्रे घरघरत असेल, आतून करपल्याचा वास आला, किंवा प्लेअर आपोआप बंद-चालू होत असेल तर प्लग काढा आणि पुन्हा लावू नका. टीव्हीवर प्रत्येक वाहिनीला एकाच जागी उभी रेघ दिसत असेल तर प्रश्न पॅनेलचा आहे, त्यात सेटिंग काही करू शकत नाही. डिस्कच्या कडेला थर सुटून पापुद्रा दिसत असेल तर ती डिस्क प्लेअरमध्ये घालूच नका, वेगाने फिरताना तुकडे आत उडतात.

तंत्रज्ञाला बोलावण्याआधी नव्या प्लेअरची किंमत विचारून ठेवा. साध्या डीव्हीडी प्लेअरला नवा लेझर बसवणं बहुतेक वेळा परवडत नाही. ब्लू-रेचं गणित वेगळं, नवे प्लेअर बाजारात कमी होत चाललेत, म्हणून चांगला जुना असेल तर दुरुस्त करून घ्या. देताना सोबत दोन डिस्का द्या, एक नीट चालणारी आणि एक अडकणारी, आणि अडकण्याचा वेळ कागदावर लिहून चिकटवा. नाहीतर तो एखादं गाणं लावून बघतो, ते चालतं, आणि प्लेअर तसाच परत येतो. आणि देण्याआधी ट्रे उघडून बघा. आमच्या गटाच्या ‘फिगारो’ची पहिली डिस्क एका दुरुस्तीच्या दुकानात गेली ती अजून तिथेच आहे. आम्ही सध्या तो तिसऱ्या अंकापासून बघतो.